वांग्याला मानवलेली राख

हसायचं असेल तर पोटभर हसा, माझी काही हरकत नाही. फक्त आधी तोंडातला चहा गिळा. मागच्या खेपेला हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या सच्याच्या नाकातून चहा आला आणि सगळा माझ्या गाड्यावर सांडला.

गाडा म्हणजे बैलाचा नव्हे हो! माझा गाडा. माझ्या कंबरेखाली जोर नाही, जन्मापासूनच. तेव्हा आमच्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मिलिंदनं, एका जाड फळीला खाली चार बेरिंगा ठोकून मला गाडा करून दिला. दोन्ही हातांनी जमीन मागं ढकलायची, की गाडी सुटली. ब्रेक नाही, हॉर्न नाही, पासिंगची कटकट नाही.

सोनईच्या अलीकडं आमची वस्ती आहे. घरात आई, दादा आणि मी. सगळं घर दादानं माझ्या मापाचं करून टाकलं होतं. गॅस जमिनीवर, मीठ-मसाला खालच्या फळीवर, दिव्याची बटणं जमिनीपासून हातभर उंचीवर. पाहुणे आले की अंधारात भिंत चाचपत बसतात. मी खालूनच ओरडतो, "वाका पाव्हनं, आमच्याकडं वाकल्याबिगर उजेड पडत न्हाई!"

आणि घरामागं माझी बाग. जुन्या टायरांत आणि अर्ध्या कापलेल्या ड्रमांत माती भरलेली, मधून मधून शहाबादी फरशीची वाट, म्हणजे बेरिंगा रुतायला नकोत. दवाखान्यातल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या टांगून केलेलं ठिबक. वांगी, मिरच्या, दोडका, झेंडू. तुम्ही लोक बाग वरून बघता, मी खालून बघतो. पानाच्या पाठीवर मावा चिकटला की तो तुमच्या आधी मला दिसतो. कुठल्याही किडीची माझ्याशी समोरासमोर भेट होते.

दादा टेम्पो चालवायचा. एका सकाळी कांद्याच्या गोण्या भरून निघाला, तो परत आला नाही. टेम्पो पलटी झाला. इथं एवढंच सांगतो. जास्त सांगायला बसलो तर किस्सा राहील बाजूला. अजूनही रस्त्यावर कुणाच्या टेम्पोचं रिव्हर्सचं 'टिंग टिंग' वाजलं की माझे हात आपोआप गाडा फाटकाकडं वळवतात. मग अर्ध्या वाटेत आठवतं, आणि तिथंच झेंडूला पाणी घालायचं सोंग करतो.

हं. तर राख.

आम्ही बौद्ध. आमच्या आईचं म्हणणं साफ होतं, "अस्थी मामा नदीला सोडंल. पर राख झाडाला घालायची. केशर आंब्याचं कलम लावू. म्हातारपनी माझ्या लेकाच्या सावलीला बसंन मी."

ती एवढंच बोलली. पण मला कळलं. तिला बसायला जागा पाहिजे होती. मी छातीला हात लावून सांगितलं, "आई, खड्डा मी खांदनार, राख मी घालनार, झाड मी वाढवनार. कोनी हात लावायचा न्हाई."

आता बघा, इथूनच माती खायला सुरुवात झाली.

आमच्या पडवीत रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या होत्या. कुठल्याशा बांधकामावरनं दादानंच आणलेल्या. एकसारख्या, पांढऱ्या, झाकणाच्या. एका बादलीत मी चुलीची राख साठवतो. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, तिची राख. वांग्यावर मावा पडला की पहाटेच्या दवात ती राख पानांवर भुरभुरायची. औषधापेक्षा बरी. दुसरी बादली रिकामीच पडलेली असायची. आईनं दादाची राख त्या दुसऱ्या बादलीत भरली, वरून पांढरं फडकं बांधलं आणि बादली ठेवून दिली माळ्यावर.

झाड लावायच्या आदल्या दिवशी मी खाली बसून माळ्याकडं बघतोय, आणि मला एकदम भडभडून आलं. आमचा दादा माळ्यावर? मोडक्या पंख्याच्या आणि उशांच्या मधी? माझा स्वभाव कसा आहे, डोक्यात आलं की झालंच पाहिजे. मी सच्याला हाक मारली. सच्या म्हणजे शेजारच्या मळ्यातला माझा दोस्त.

"सच्या, दादाला खाली घे."

"आरं पर मावशीनं वर ठिवलंय ना?"

"मला हात पुरंना तिथं ठिवलाय त्याला! खाली घे, माझ्याशेजारी."

सच्यानं बादली उतरवली आणि माझ्या राखेच्या बादलीशेजारी, डाव्या अंगाला ठेवली. बघतो तर फडक्यावर पालीनं घाण केलेली. मग तर माझं डोकंच फिरलं. फडकं ओढून काढलं, धुण्यात फेकलं आणि दादाचा निळा रुमाल आणायला गाडा घेऊन आत गेलो. जयंतीला तो गळ्यात घालायचा तो रुमाल. ट्रंकेतून काढला, नाकाला लावला. डिझेल आणि खोबरेल. मी तिथं किती वेळ बसलो ते मला विचारू नका.

तोवर बाहेर काय झालं? उद्या पाहुणे येणार म्हणून आईनं पडवी झाडायला घेतली. दोन्ही बादल्या उचलल्या, खाली झाडलं, बादल्या परत ठेवल्या.

मी डोळे पुसत आलो आणि डाव्या बादलीला निळा रुमाल बांधला. पक्की गाठ. झाकण उघडून बघायचं? तेवढाच धीर झाला नाही हो. बघितलं असतं तर आज तुमच्यापुढं सांगायला माझ्याकडं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. वंदना झाली. खड्डा मी आदल्या सकाळीच खणला होता, गाड्यावरून उतरून, पोटावर झोपून, कोपरापर्यंत मातीत. कलम ठेवलं. मी बादली मांडीवर घेतली, डोळे गच्च मिटले आणि सगळी राख खड्ड्यात ओतली. आईनं तोंडाला पदर लावून मान वळवलेली. सगळीकडं चिडीचूप.

फक्त आमच्या शेजारच्या हौसाकाकू हळूच म्हणाल्या, "राख लई काळी दिसती गं बाई."

त्यावर कुणीतरी मागून सांगितलं, "डायवर मानूस हुता काकू. जलमभर डिझेलचा धूर खाल्लाय त्यानं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा! डोळे मिटून मीसुद्धा मान हलवली!

त्यानंतर आंबा आणि मी, दोघंच. सकाळ-संध्याकाळ त्याच्यापाशी गाडा लावायचा. "दादा, पानी घे." "दादा, आज मेथी उगवली." "दादा, सच्याचं लगीन परत मोडलं." दादाच्या आवडीची गाणीसुद्धा मोबाईलवर लावून बुडाशी ठेवायचो. पण आंबा काही खुलेना. पानं पिवळी पडायला लागली, कडा करपल्या. मी पाणी वाढवलं. तो आणखी पिवळा. मी शेण घातलं. तो आणखी मलूल.

शेवटी मी भांडलो त्याच्याशी. "मेल्यावर पन रुसतो व्हय रं? काय चुकलं माझं? बोल की!"

काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. "कुनाशी भांडतो रं राहुल?"

"दादाशी!"

"भांड बाबा, भांड," त्या म्हणाल्या. "भावाभावांत चालायचंच."

आणि दुसरीकडं वांगी! काय सांगायचं त्या वांग्यांचं? मावा पडला होता, म्हणून मी राखेची भरलेली बादली घेतली (चुलीची नवी राख आता रिकाम्या झालेल्या बादलीत पडत होती), जुन्या बनियनची पुरचुंडी केली आणि पहाटे पानांवर राख भुरभुरली. राखसुद्धा अशी झकास! पांढरी, मऊ, भुकटीसारखी. एरवी आमच्या राखेत निम्मे कोळसे असतात. मी मनात म्हटलं, आईनं या खेपेला बाभळीची चांगली वाळकी लाकडं लावलेली दिसतात. मावा बघता बघता साफ! झाडांनी अशी उभारी धरली की टायर दिसेनासे झाले. वांगी कशी, तर जांभळी, टपोरी, तेल लावल्यासारखी. मी पानाखाली गाडा घातला की डोक्यावर झुंबरं लटकल्यासारखी वांगी लटकायची.

मी उर्मट झालो हो! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचो. वांगी वाटायचो आणि वर भाषण द्यायचो, "औषध-बिवषध काय नाय. नुसती राख! पर राख टाकायचा हात लागतो."

काकू आल्या. "राहुल, माझ्या घेवड्याला पन मावा पडलाय रं. दे की मूठभर तुझी राख."

"मूठभर काय काकू, डबा आना!"

भरून दिला डबा. सच्या म्हणाला, आमच्या आईचा गुलाब कीड धरतोय. त्यालाही दिली पिशवीभर. घरात भरली वांगी, वांग्याचं भरीत, वांग्याची झणझणीत आमटी. आई बिचारी दादा गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठायची, ती वांग्यासाठी परत ताट पुढं करायला लागली. मला वाटलं, चला, आंबा रुसला तर रुसला, वांग्यांनी तरी घर सावरलं.

आंब्याची मात्र शेवटची दोन पानं राहिली. आईनं एका संध्याकाळी येऊन त्याच्याकडं बघितलं. काडीला हात लावला आणि आत गेली. ते मला झेपलं नाही. मी लगेच सच्याला बोलावलं.

"मुळी बघायच्या. हुमनीची अळी लागली असंल. खांद, पर हळू. दादा हाय खाली."

सच्यानं चप्पल काढली, हात जोडले आणि खुरप्यानं माती उकरायला लागला. मी पोटावर झोपून खड्ड्यात तोंड घातलेलं.

"राहुल्या."

"काय?"

"दादाला मक्याची कणसं आवडायची का रं?"

"आवडायची की. का?"

त्यानं अर्धवट जळालेलं मक्याचं बुरकुंड माझ्या हातात दिलं. मग शेंगांची टरफलं निघाली, काळी पडलेली. मग कोळशाचे तुकडे. मग बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद, अर्धा वितळलेला.

सच्या हळू आवाजात म्हणाला, "आरं, खिशात राहिलं असंल त्याच्या."

"कणीस? खिशात?"

"डायवर लोकांचं काय सांगावं..."

मी कणसाचं बुरकुंड उलटसुलट करून बघितलं. ही राख मी ओळखतो! ही राख मी लहानपणापासून रोज चुलीतून काढतो! मग पडवीत काय आहे? आणि वांग्यांवर मी काय...

गाडा असा सोडला म्हणता! फरशीवर ठिणग्या उडाल्या असतील. पडवीत गेलो, बादलीचं झाकण काढलं. तळाला दोन-चार ओंजळी राख उरलेली. पांढरी. मऊ. मी हात घालणार होतो. घातला नाही.

मागं सच्या येऊन उभा. त्यानं एकदा बादलीत बघितलं, एकदा वांग्यांकडं बघितलं आणि पोट धरून खाली बसला. "राहुल्या... मी काल भरीत खाल्लंय रं."

"गप."

"आन् परवा."

"गप म्हन्तो ना!"

"दोनदा घेतलं परवा."

तुम्ही हसताय, पण माझी तेव्हा काय गत झाली होती? एकदा दादा हातातून गेला होता. आता मी त्याला स्वतःच्या हातानं भुरभुरून संपवला होता. आणि आईला काय सांगू? तुझी सावली मी कालवणात घातली?

लपवायचं? माझ्या पोटात काही राहत नाही. तसाच गाडा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई गॅसपुढं बसून वांगं भाजत होती. नेमकं वांगंच!

"आई, ते खाली ठिव."

"का रं? किडकं हाय का?"

"न्हाई. ते... त्याच्यात दादा हाय."

आईनं वांगं हातात धरूनच माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, पोरगं गेलं कामातून. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. मग मी सगळं सांगितलं, रडत, नाक ओढत, उलटसुलट. रुमाल, बादल्या, कणीस, मावा. ती उठली आणि पडवीत गेली. बादलीपाशी बसून तिनं तळाला हात घातला. ही राख तिनं स्वतः गोळा केली होती.

"ह्योच हाय," ती म्हणाली.

आणि पाठमोरी बसून तिचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, झालं. माझ्यामुळं आई दुसऱ्यांदा रडतीये. जवळ गेलो, तर आई हसत होती! दादा गेल्यापासून तिचं हसू मी ऐकलं नव्हतं. पदरानं डोळे पुसती, परत हसती.

"काय मेलं पोरगं! जितंपनी एक वांगं तोंडाला लावलं न्हाई त्यानं. वांग्याचं कालवान केलं की ताटावरून उठायचा. आन् आता बग, वांग्यावरच जाऊन बसला!"

"आई, मला मार."

"मारून काय वांगी परत येत्यात का? झाडालाच घालायचा हुता ना? मग वांगं काय दगड हाय का?" मग तिनं आवाज खाली केला. "पर एक सांगते. हौसाबाईला ह्यातलं काय बोलू नको. तिचा जीव लई भित्रा हाय."

"न्हाई बोलनार," मी म्हणालो.

आणि थेट कुंपणापाशी गेलो. आता काय करू? अख्खा डबाभर दादा त्या बाईकडं होता!

"काकू, ती राख... ती चुलीची नव्हती."

"मग कसली हुती?"

"दादाची हुती."

काकूंच्या हातातली घेवड्याची पाटी खाली पडली. "माझ्या घेवड्याला मिलिंद घातलास तू?"

"चुकून, काकू!"

"आरं देवा! तरीच म्हनलं वारं नसताना येल हलतोय कसा! आन् मी त्याच्यापुढं नवऱ्याला शिव्या दिल्या की रं, कशी मोकळ्या तोंडानं!"

आतून आई आलीच. "हौसाबाई, भ्यायचं काय त्यात? माझ्या पोराला जितंपनी भाकर खायाला येळ नव्हता, तो तुमच्या येलावर बसून तुमची भांडनं ऐकनार हाय व्हय?"

काकू आत गेल्या. मला वाटलं, दार लावून घेतात आता. तर त्या डबा घेऊन बाहेर आल्या. डोक्यावरून पदर घेतलेला, डबा दोन्ही हातांत धरलेला. अर्धा भरलेला होता अजून.

"घे रं बाबा तुझा भाऊ," त्या म्हणाल्या. "आन् जो घेवड्यावर पडलाय तो पडू दे. माझी लेक बाळंतपनात अडली हुती तवा तिला भर पावसात टेम्पो घेऊन दवाखान्यात नेलं हुतं त्यानं. घेवड्यावर राहिला तर राहू दे. माझं काय घेऊन जातोय?"

आता मी रडायला लागलो, काकू रडायला लागल्या आणि आई म्हणाली, "चला, वांगं करपतंय."

त्या संध्याकाळी सच्यानंही गुलाबाची उरलेली राख पिशवीतून परत आणून दिली. सगळी मिळून बादली चतकोर भरली. मामाला फोन झाला, येत्या रविवारी नवं कलम लावायचं ठरलं. माणसं यायला पाहिजेत, पण कारण कुणाला सांगायचं नाही असंही ठरलं. म्हणजे आत्तापर्यंत सगळ्या सोनईला कळलं असणार, कारण मीच सांगत सुटलोय.

आणि ते वांगं? खाल्लं. आईनं भरीत केलं, आई, सच्या आणि मी, तिघांनी मिळून खाल्लं. पहिला घास घेताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. मग आईनं माझ्या ताटात आणखी थोडं वाढलं आणि म्हणाली, "खा. बाग त्यानंच करून दिली तुला."

जेवण झाल्यावर मात्र तिनं फर्मान काढलं. "रविवारपर्यंत दोन्ही बादल्या पडवीतच राहनार. मला परत घोटाळा नको. आत्ताच्या आत्ता बादल्यांवर रंगानं लिहून टाक. मोठ्या अक्षरात. मी उद्या मेले तर मला भोपळ्याला घालशील तू."

सच्यानं लाल रंग आणि ब्रश आणून दिला. माझी शाळा तिसरीतच सुटली, चौथीच्या वर्गाला पायऱ्या होत्या आणि मला उचलून नेणारा दादा तेव्हा कामाला लागला होता. पण लिहिता येतं मला! जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून, वेलांटी-काना तपासून लिहिलं. दोन्ही बादल्या वाळायला ठेवल्या, छाती पुढं काढली आणि आईला हाक मारली.

आई हात पुसत बाहेर आली. तिनं पहिली बादली वाचली.

"राख. बरोबर. अक्षर झ्याक हाय की रं तुझं! आन् दुसरीवर काय लिवलंस?"

मी दुसरी बादली हळूच फिरवून तिच्यापुढं केली.

तिच्यावरही लिहिलं होतं, 'राख'.